सायगॉन: आई-बाबांसोबत पाच दिवस, आई कट्टर शाकाहारी. सल्ला हवा

अनवाणी

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आई-बाबांना घेऊन व्हिएतनामला जायचं घाटतंय. फक्त हो ची मिन्ह सिटी, म्हणजे जुनं सायगॉन. हनोई, हालाँग बे वगैरे या खेपेला नको. बाबांना सारखं सामान आवरणं झेपत नाही आणि मुंबईहून सायगॉनला थेट विमान मिळतंय.

बाबा ६८ वर्षांचे, गुडघे कुरकुरतात, पण इतिहासाचं काही दिसलं की गुडघे विसरतात आणि मग रात्री मला मलम चोळावं लागतं. आई ६४, अंडंसुद्धा नाही. ज्या तेलात मासे तळले त्या तेलातली भजीही नाहीत. मी दोघांच्या मध्ये, सगळं खाणारी.

ट्रॅव्हल एजंटने दिलेला कार्यक्रम असा: पहिला दिवस शहरदर्शन, दुसरा कू ची इथले युद्धकाळातले बोगदे, तिसरा मेकाँग, चौथा वुंग ताउचा समुद्र, पाचवा खरेदी. रोज सकाळी सात वाजता गाडी दाराशी. वाचूनच मला धाप लागली. तिकिटं काढलेली नाहीत, १२ ते १७ फेब्रुवारी डोक्यात आहे. काय ठेवू, काय काढू? राहायचं कुठे? आणि मुख्य म्हणजे आई काय खाईल?

सागरगोटा

ताई, तिकिटं काढली नाहीत ते बरं झालं. १७ फेब्रुवारी २०२६ ला तेत आहे, त्यांचं चांद्र नववर्ष. मी कामानिमित्त इथेच राहतो म्हणून सांगतो, त्या आठवड्यात निम्मं शहर आपापल्या गावी गेलेलं असतं. न्गुयेन ह्वे रस्त्यावर फुलांची आरास करतात, ती बघण्यासारखी असते, पण कोपऱ्यावरची खानावळ बंद, चहावाली गावाला, गाड्यांचे भाव चढलेले. ज्यांना घरचं जेवण आहे त्यांच्यासाठी तेत. तुमच्या आईंचं खाणं आधीच अवघड, त्यात अर्धी दुकानं बंद हवीत कशाला?

जानेवारीचा तिसरा आठवडा धरा. पाऊस नसतो (तो मे ते नोव्हेंबर), ऊन असतं पण एप्रिलसारखं भाजत नाही, आणि तेतच्या खरेदीची लगबग सुरू झालेली असते.

एजंटचा कागद फाडून टाका. वुंग ताउ तर आधी काढा. दोन तास जाणं, दोन तास येणं, आणि समुद्र बघायचा तर तुमच्या घराजवळ अलिबाग आहे.

टिंगलटवाळ

अंडं नाही, मासा नाही आणि व्हिएतनाम. ठेपल्यांच्या बॅगेचं तिकीट वेगळं काढा.

जाईजुई

टिंगल, तू गप बस. अनवाणी, याच्याकडे लक्ष देऊ नकोस. मीही तुझ्या आईच्याच पंथातली, कांदा-लसूण तेवढा चालतो. सायगॉनमध्ये माझे थायलंडपेक्षा कमी हाल झाले.

तिथे 'चाय' नावाचा एक आख्खा प्रकार आहे. आपला चहा नव्हे. बौद्ध लोकांचं शाकाहारी जेवण. दुकानाच्या पाटीवर सी-एच-ए-वाय ही चार अक्षरं दिसली की बिनधास्त आत शिरायचं. 'कोम चाय' म्हणजे भात आणि वर तुम्ही बोटाने दाखवाल त्या दोन-तीन भाज्या. टोफूचे सात-आठ प्रकार, मश्रूम, फणसाच्या गऱ्यांची भाजी, कारल्याचं सूप. एका ताटाला साधारण चाळीस ते साठ हजार डोंग, म्हणजे दीडशे-दोनशे रुपये. बऱ्याच ठिकाणी कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे आईच्या चातुर्मासातसुद्धा चालेल.

आता धोके. साध्या हॉटेलात 'व्हेज' म्हटलं की ते मांसाचे तुकडे काढून देतात, रस्सा हाडांचाच असतो. फो नावाचं जे नूडल्सचं सूप प्रसिद्ध आहे, ते चाय दुकानाबाहेर मागायचंच नाही. नाळीची भाजी लसणीवर परतून देतात, दिसायला एकदम निष्पाप, पण त्यात नुओक माम म्हणजे माशाचं पाणी किंवा ऑयस्टर सॉस हमखास असतो. ते नुओक माम तिकडे मिठासारखं वापरतात, त्यांना ते मांसाहारात मोजावं असं वाटतच नाही. म्हणून 'मांस नको' असं सांगून भागत नाही, 'तोय आन चाय', मी चाय खाते, असंच सांगायचं. आणि 'खोंग चुंग', अंडं नको, हे वेगळं सांगायचं, कारण काही चाय दुकानांत अंडं चालतं. फोनवर दोन्ही वाक्यं त्यांच्या लिपीत लिहून ठेव, कारण आपल्या उच्चारांवर ते बिचारे फक्त हसतात.

आणखी एक, आईला आधीच सांगून ठेव: चाय दुकानांत सोयाचे खोटे कोळंबी, खोटी कोंबडी, खोटा मासा असतो. हुबेहूब. कोळंबीला शेपटीसकट गुलाबी पट्टेसुद्धा काढलेले असतात. माझ्या सासूबाई ते बघून ताटावरून उठल्या होत्या. सोया आहे हे पटवायला मला अर्धा तास लागला, आणि पटल्यावरही त्यांनी ते खाल्लं नाही.

बान्ह सेओ मात्र चुकवू नका. तांदळाचं पीठ, हळद, नारळाचं दूध, म्हणजे आपलं घावनच, फक्त कडेला कुरकुरीत आणि मधे मोड आलेले मूग. चाय दुकानात बिनकोळंबीचं मिळतं. पालेभाजीच्या पानात गुंडाळून खायचं. आईला हे आवडेलच.

सागरगोटा

जाईजुईंना +१. भर घालतो. इथले बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी चाय खातात. त्या दोन दिवशी एरवी मांसाहारी असलेल्या गाडीवालीकडेही चाय बान्ह मी (भरलेला पाव), चाय फो मिळतो, पाटी बाहेर लावलेली असते. आपल्याकडे १८ जानेवारीला मौनी अमावास्या आहे, आणि १९ तारखेला, सोमवारी, इथला महिन्याचा पहिला दिवस. तुम्ही १८ ला रात्री पोचलात तर आईंचा पहिलाच दिवस शहरातला सगळ्यात सोपा जाईल. पॅगोडांच्या बाहेर गर्दी असेल, उदबत्त्यांचा धूर असेल, तोही बघायला मिळेल.

अनवाणी

अरे वा! अमावास्येला विमानात बसायला आई तयार होईल का हा वेगळा धागा काढावा लागेल. पण १९ ते २४ जानेवारी असं पक्कं करतेय. जाईजुई, तू देवमाणूस आहेस.

राहायचं कुठे ते सांगा ना. एजंट बुई व्हिएन म्हणतोय, 'सगळं चालत जाण्यासारखं' म्हणे.

टिंगलटवाळ

बुई व्हिएन! रात्री दोनपर्यंत दोन्ही बाजूंच्या बारमधून वेगवेगळी गाणी, मधे आगीचे खेळ. बाबांचा रक्तदाब मोजायचं यंत्र सोबत न्या.

सागरगोटा

या वेळी टिंगल बरोबर बोलला. बुई व्हिएन एका संध्याकाळी दहा मिनिटं चालून बघायला ठीक, झोपायला नाही. डिस्ट्रिक्ट ३ बघा, किंवा डिस्ट्रिक्ट १ मधला त्रुओंग दिन रस्त्याच्या आसपासचा भाग. मोठी झाडं, रुंद फुटपाथ, राजवाडा आणि युद्ध संग्रहालय जवळ. (१ जुलै २०२५ पासून सरकारने डिस्ट्रिक्ट रद्द केलेत, आता नकाशावर नुसते वॉर्ड दिसतील. पण माणसं डिस्ट्रिक्टच म्हणतात, टॅक्सीवालाही.)

बुकिंग करताना एकच प्रश्न विचारा: लिफ्ट आहे का? इथली घरं समोरून चार मीटर रुंद आणि मागे लांबच लांब, उंच. छोटी हॉटेलं अशाच घरांत असतात आणि जिना उभा असतो. बाबांच्या गुडघ्यांची वाट लागेल.

पत्त्यांचंही सांगून ठेवतो. दुकानाचा पत्ता ४५/१२ असा दिसला तर ४५ नंबरला जी गल्ली आत जाते तिच्यातलं १२ नंबरचं घर. ४५/१२/३ म्हणजे त्या गल्लीतली अजून एक गल्ली. गाडी आत जात नाही, तोंडाशी उतरून चालायचं. पण खरं सायगॉन या गल्ल्यांतच आहे. सकाळी सहाला शिरा एखाद्या गल्लीत. कोणी दारात भाजी निवडतंय, कोणी पिंजऱ्यातल्या पक्ष्याशी बोलतंय, एखादी बाई तीन प्लास्टिकची स्टुलं आणि एक पातेलं एवढ्यावर हॉटेल चालवतेय. नऊपर्यंत पातेलं रिकामं, हॉटेल संपलं.

निवृत्त भटक्या

वडिलांच्या वतीने मी बोलतो, कारण वय आणि गुडघे दोन्ही जुळतात.

पहिलं ठिकाण स्वातंत्र्य राजवाडा. वास्तुविशारद न्गो व्हिएत थु, बांधून पूर्ण १९६६. दक्षिण व्हिएतनामच्या अध्यक्षांचं हे निवासस्थान, आणि ३० एप्रिल १९७५ ला उत्तरेच्या रणगाड्यांनी फाटक तोडलं ते इथलंच. ३९० आणि ८४३ हे क्रमांक टाकलेले रणगाडे आवारात उभे आहेत. वडिलांना तळघरात न्या. भिंतीवर मोठे नकाशे, हिरवट रंगाचे टेलिफोन, बिनतारी संदेशांची यंत्रं, टंकलेखन यंत्रं, सगळं जसंच्या तसं. आणि गच्चीवर हेलिकॉप्टरजवळ जमिनीवर दोन लाल वर्तुळं काढलेली आहेत. ८ एप्रिल १९७५ ला न्गुयेन थान्ह त्रुंग या वैमानिकाने दक्षिणेचंच लढाऊ विमान घेऊन बॉम्ब टाकले, ते पडलेल्या जागा. तो आतून उत्तरेचा माणूस होता. पुढच्या तीन आठवड्यांत सगळं संपलं. मी त्या वर्तुळांपाशी बराच वेळ उभा होतो, बायको खाली वाट बघत होती, ते असो.

दुसरं युद्ध अवशेष संग्रहालय. तिकीट चाळीस हजार डोंग. १९७५ च्या सप्टेंबरात उघडलं तेव्हा नावच 'अमेरिकी आणि कठपुतळी गुन्ह्यांचं प्रदर्शन' अशा अर्थाचं होतं, म्हणजे ते एका बाजूने बोलतं हे धरूनच जावं. पण फोटो खोटं बोलत नाहीत. लढाईत मारल्या गेलेल्या दोन्ही बाजूंच्या छायाचित्रकारांच्या कामाचं एक दालन आहे, ते सर्वांत आधी बघा, पाय ताजे असताना. 'एजंट ऑरेंज' नावाच्या रसायनाच्या दालनात आईंना नेऊ नका असं मी सुचवेन. विषारी फवाऱ्यामुळे व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलांचे फोटो आहेत. आमच्या गटातल्या दोन बायका बाहेर येऊन आवारातल्या बाकावर बसून राहिल्या.

हे दोन्ही एकाच दिवशी करू नका. एक आज, एक परवा.

पोस्ट ऑफिस जरूर बघा, १८९१ चं, अजून चालू. आत भिंतींवर दोन मोठे रंगवलेले नकाशे आहेत, एक सायगॉन परिसराचा, दुसरा दक्षिण व्हिएतनाम आणि कंबोडियाच्या तारायंत्राच्या लायनींचा. गाइड छातीठोकपणे 'आयफेलने बांधलं' असं सांगेल. नाही बांधलं. मान डोलवा आणि पुढे चला. नातवंडांना तिथून पोस्टकार्ड टाका. समोरचं कॅथेड्रल १८८० चं, त्याची दुरुस्ती बरीच वर्षं चालू आहे, बांबू-पत्र्यांतून जेवढं दिसेल तेवढं. शेजारीच पुस्तकांची गल्ली आहे, गाड्यांना बंदी, बसायला बाक, सावली. वडील तिथे तासभर रमतील, तेवढ्यात तुम्ही दोघी भटका.

आणि इतिहास संग्रहालय, प्राणिसंग्रहालयाच्या दारात. सोमवारी बंद. तिथे चंपा राज्याची शिल्पं आहेत, शिव, विष्णू, गणेश. मध्य व्हिएतनाममध्ये हजार वर्षांहून जास्त काळ हिंदू राजे होते, हे आपल्याला शाळेत कोणी नीट सांगत नाही.

बटाटेवडा

काका, तिथे शिवाजी महाराजांचा पुतळा आहे ना? व्हिएतनामने महाराजांचा गनिमी कावा वाचून अमेरिकेला हरवलं आणि त्यांच्या मंत्र्याने रायगडची माती कपाळाला लावून नेली, असा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर १९ फेब्रुवारीला येतो.

निवृत्त भटक्या

येतो, माझ्याही ग्रुपवर येतो. मंत्र्याचं नाव नसतं, तारीख नसते, कुठल्या वर्तमानपत्रात छापून आलं तेही नसतं. सायगॉनमध्ये महाराजांचा पुतळा नाही. त्यांच्याकडे स्वतःचा गनिमी कावा पूर्वापार आहे. नदीकाठी मे लिन्ह चौकात त्रान हुंग दाओचा पुतळा बघा, एक हात नदीकडे दाखवणारा. तेराव्या शतकात त्याने मंगोलांना परतवलं. समोरासमोर भिडायचं टाळलं, राजधानी रिकामी करून दिली, शत्रूची रसद तोडली, आणि १२८८ मध्ये बाख दांग नदीत पाण्याखाली टोकदार खुंट रोवून भरती-ओहोटीच्या हिशोबाने त्यांची गलबतं अडकवली. महाराजांचं आरमार वाचलेल्या माणसाला हे ऐकून आनंदच होईल. महाराजांना मोठं करायला बनावट मेसेजची गरज नाही.

बटाटेवडा

ग्रुपवर टाकू का हे?

निवृत्त भटक्या

टाका. मला ग्रुपमधून काढलं ते असंच टाकल्यामुळे.

अनवाणी

काका, बाबांना वाचून दाखवलं. ते आता फोन सोडत नाहीयेत. कू ची आणि मेकाँगचं काय मग? बाबा बोगद्यांवर अडून बसलेत.

सागरगोटा

कू चीला जाऊ द्या त्यांना, पण निम्मा दिवस, सकाळी लवकर निघून. सत्तर किलोमीटरच्या आसपास, पण दीड ते दोन तास लागतात. दोन जागा आहेत: बेन दिन्ह आणि बेन दुओक. बसगाड्या बहुतेक बेन दिन्हला जातात. खासगी गाडी करणार असाल तर बेन दुओक, लांब आहे पण गर्दी कमी.

बोगद्यांचं जाळं सगळं मिळून अडीचशे किलोमीटरचं होतं. पर्यटकांसाठी थोडा भाग रुंद केलाय, तरी वाकून, जवळजवळ रांगत जावं लागतं, गरम होतं, अंधार असतो. बाबांनी आत शिरू नये. वरूनच पाहण्यासारखं खूप आहे: पानांखाली झाकलेली झाकणं, वारुळासारखे दिसणारे हवेचे झरोके, स्वयंपाकघराचा धूर लांब नेऊन जमिनीलगत सोडायची युक्ती. बोगद्याच्या तोंडाशी उभं राहून फोटो काढला की झालं. शेवटी गोळीबाराची जागा आहे, पैसे देऊन खऱ्या बंदुका चालवतात. आवाज कानठळ्या बसवणारा. आई दचकतील, आधी सांगा.

आणि एक गंमत. तिथे सैनिकांचं जेवण म्हणून उकडलेला कसावा देतात, शेंगदाणा-तिळाच्या मीठ-साखरेबरोबर. ज्याचा आपण साबुदाणा करतो तो हाच कंद. आईंना उपवास असला तरी चालेल.

मेकाँग मात्र काढा. एका दिवसात 'मी थो' आणि 'बेन त्रे' या गावांत नेऊन जे दाखवतात ते सगळं बसवलेलं आहे: या बेटावर मध, त्या बेटावर नारळाच्या वड्या, मधे गाणी, मग पंधरा मिनिटं होडी, आणि प्रत्येक थांब्यावर खरेदी. होडीतून उतर-चढ चार-पाच वेळा. खरं मेकाँग बघायचं तर कान थो शहरात रात्रभर राहून पहाटे बाजार बघावा, ते तुमच्या पाच दिवसांत बसत नाही.

त्याऐवजी बाख दांग धक्क्यावरून पाण्याची बस घ्या. एका बाजूचे पंधरा हजार डोंग, नदीवरून फिरवते, ऊन उतरल्यावर जा. आणि मेट्रो. २२ डिसेंबर २०२४ ला सुरू झाली, बेन थान ते सुओई तिएन, जवळजवळ वीस किलोमीटर, जपानी मदतीतून बांधलेली. मधे जमिनीवर येते, नदी ओलांडते, ४६१ मीटरची लँडमार्क ८१ इमारत बाजूने सरकते. स्टेशनं गार आणि स्वच्छ. दुपारच्या उन्हात वयस्कर माणसांना घेऊन करायला याहून चांगलं काही नाही.

पायवाट

मी हनोईवाला. सायगॉन म्हणजे मोठी मुंबई, ते काय बघायचं? हनोईला जा, जुन्या पेठा, तलाव, थंडी.

जाईजुई

धागाकर्तीने पहिल्याच परिच्छेदात हनोई नको लिहिलंय. जानेवारीत तिथे ढगाळ आणि गार असतं, बाबांचे गुडघे अजून कुरकुरतील.

अनवाणी, देवळाचं राहिलं. त्रुओंग दिन रस्त्यावर, बेन थान बाजारापासून चालत जाण्यासारखं, मरिअम्मनचं देऊळ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथे आलेल्या तमिळ व्यापाऱ्यांनी बांधलेलं. ती माणसं बहुतेक निघून गेली, देवी राहिली, आणि आता पूजेला येतात ते मुख्यतः स्थानिक व्हिएतनामी. हातात उदबत्त्यांचा जुडगा आणि मोगरा. गाभाऱ्यामागच्या दगडी भिंतीला कपाळ टेकून पुटपुटत उभे असतात, आपलं गाऱ्हाणं भिंतीला सांगतात. माझ्या सासूबाई (खोट्या कोळंबीवाल्या) तिथे एका व्हिएतनामी आजींच्या शेजारी बसून पंधरा मिनिटं गप्पा मारत होत्या. भाषा कुठली ते मला कळलं नाही.

अनवाणी

आई ऐकून खूश झाली. आता पैशांचं आणि रस्ता ओलांडण्याचं सांगा. व्हिडिओ पाहिल्यापासून बाबा म्हणतायत, 'मी हॉटेलच्या बाजूच्या फुटपाथवरच राहीन.'

सागरगोटा

रस्ता: थांबून मोकळी जागा मिळण्याची वाट बघू नका, मिळत नाही. फुटपाथवरून उतरा आणि एका लयीत, सावकाश, सरळ चालत राहा. दुचाकीवाले तुमच्या चालीचा अंदाज घेऊन बाजूने जातात. घात होतो तो मधेच थबकल्याने, मागे वळल्याने किंवा धावल्याने. म्हणजे दादरला आपण जे करतो त्याच्या उलट. आई-बाबांचे हात धरा, तुम्ही येणाऱ्या गाड्यांच्या बाजूला. गाड्या डावीकडून येतात हे लक्षात ठेवा, तिथे उजवीकडून चालवतात. बस आणि मोटार मात्र वळसा घालत नाहीत, त्यांना जाऊ द्या. मोठा रस्ता असेल तर सरळ एखाद्या स्थानिक आजीच्या सावलीत ओलांडा.

स्कूटर भाड्याने घ्यायचा विचारही नको. आपल्याकडे मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या कराराचा, व्हिएतनाम मानतं १९६८ चा. अपघात झाला तर विमावाले हात वर करतील.

पैसे: शेवटची तीन शून्यं काढा आणि साडेतीनने गुणा, रुपये थोडे जास्तच येतील. एक लाख डोंग म्हणजे साडेतीनशेच्या आत. वीस हजारांची आणि पाच लाखांची नोट दोन्ही निळ्या, रात्री टॅक्सीत हमखास गडबड होते. पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. रुपये तिकडे नेऊन बदलू नका, भाव मिळत नाही. कोऱ्या करकरीत डॉलरच्या नोटा न्या.

गाडी ॲपवरून बोलवा, ग्रॅब किंवा झान एसएम. विमानतळाच्या दारात 'ग्रॅब, ग्रॅब' म्हणत जो माणूस अंगावर येतो तो ग्रॅबचा नसतो. नंबरप्लेट जुळवूनच बसा. रस्त्यावरची घ्यायची झाली तर पांढरी विनासन किंवा हिरवी माई लिन्ह. त्यांच्यासारखंच रंगरूप केलेल्या नकली गाड्याही फिरतात, नाव अक्षर अक्षर वाचा.

जाईजुई

सोनं घरी ठेवा. मंगळसूत्रसुद्धा, काळ्या मण्यांचं खोटं घालू दे आईला. डिस्ट्रिक्ट १ मध्ये दुचाकीवरून येऊन गळ्यातलं नाहीतर हातातला फोन ओढून नेतात. नकाशा बघायचा तर दुकानाच्या आत शिरून बघ, फुटपाथच्या कडेला उभी राहून नको. बाकी गुन्हेगारी जाणवत नाही, रात्री दहाला आम्ही दोघीच फिरलो.

आणि जे कोणी विचारत नाही पण प्रत्येक आईला हवं असतं ते: हो, संडासात जेट असतो. जवळजवळ सगळीकडे.

बर्फ चालतो, नळकांडीसारखा, मधे भोक असलेला, तो कारखान्यातून येतो. नळाचं पाणी मात्र नको.

निवृत्त भटक्या

व्हिसाचं कोणी बोललं नाही. ई-व्हिसा आधी काढावा लागतो, एकदा प्रवेशाचे २५ डॉलर. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता 'गव्ह डॉट व्हीएन' ने संपतो. शोधल्यावर वर येणारी बाकीची दुकानं दलालांची, दुप्पट-तिप्पट घेतात. आपल्या मराठी पासपोर्टांत नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. पासपोर्टच्या पानावर जसं आहे, अक्षर न अक्षर तसं भरा. कुठे उतरणार तेही त्यात लिहावं लागतं, तान सोन न्यात निवडा. छापील प्रत तिघांची तीन-तीन. तीन आठवडे आधी अर्ज करा, कारण त्यांच्या सुट्ट्या मधे आल्या की काम थांबतं. उतरल्यावर रांग मोठी असते, हातात बिस्किटाचा पुडा ठेवा.

अनवाणी

असं ठरवलंय, सांगा काही राहतंय का.

सोमवारी सकाळी मरिअम्मन आणि मग चाय जेवण, संध्याकाळी न्गुयेन ह्वे. मंगळवारी राजवाडा, पोस्ट, पुस्तकांची गल्ली. बुधवारी कू ची, दुपारनंतर कोणीही बेडवरून उठायचं नाही. गुरुवारी बाबा आणि मी युद्ध संग्रहालय, आई हॉटेलात किंवा समोरच्या बागेत, संध्याकाळी पाण्याची बस. शुक्रवारी इतिहास संग्रहालय आणि मेट्रो. एजंटला कळवलंय. तो म्हणाला, 'मॅडम, एवढ्या लांब जाऊन दुपारी झोपणार?'

सागरगोटा

दुपारी सगळं सायगॉन झोपतं. बारा ते दोन कचेऱ्यांत दिवे मालवून लोक टेबलाखाली चटई टाकतात, दुचाकीवाले दुचाकीवरच आडवे होतात. तुम्ही एकदम स्थानिक.

चो लोन राहिलं, चिनी पेठ, पण थिएन हाउचं देऊळ सोडलं तर तुमच्या गुडघ्यांना तिथली गर्दी झेपणार नाही. मरिअम्मननंतर सोमवारी वेळ उरला तर बघा.

टिंगलटवाळ

येताना कॉफी आणा. आणि ती उदमांजराने खाऊन टाकलेल्या बियांची आणा, आम्हाला बघायचीय.

सागरगोटा

ती आणू नका. बेन थान बाजारात ज्या भावात ती विकतात त्या भावात ती खरी असूच शकत नाही, आणि खरी असते तिथे प्राणी पिंजऱ्यात कोंडलेले असतात. साधी रोबस्टा घ्या, कॉफी पिकवण्यात ब्राझीलनंतर हाच देश आहे. बुओन मा थुओतची पावडर, बाजारातून नाही, सुपरमार्केटमधून, छापील किमतीत. भाजताना बऱ्याचदा लोणी आणि साखर घालतात, ते नको असेल तर पाकिटावर शंभर टक्के कॉफी लिहिलेलं बघून घ्या. सोबत ॲल्युमिनियमची छोटी गाळणी, फिन म्हणतात तिला. पेल्यावर ठेवायची, दोन चमचे पावडर, वरची जाळी अलगद दाबायची, आधी थोडंसंच गरम पाणी घालून अर्धा मिनिट थांबायचं, मग बाकीचं. तळाला आटवलेलं गोड दूध. चार-पाच मिनिटं थेंब पडत राहतात. जाळी जोरात आवळलीत तर पडतच नाहीत, आणि सैल राहिली तर पाणी सरळ खाली.

अनवाणी

किती फिन आणू? यादी करा, शनिवारपर्यंत.

जाईजुई

दोन. एक टिंगलला, तो धुणार नाही म्हणून.